पडलं नाही, उतरवलं

आपल्या वाङ्मय मंडळाच्या बैठकीत शब्दांवरून भांडणं होतात, ती मला आवडतात. मागच्या खेपेला ऱ्हस्व-दीर्घावरून अर्धा तास गेला आणि चहा थंड झाला. आज मला ज्या शब्दावरून भांडायचं आहे, त्यात ऱ्हस्व-दीर्घाची अडचण नाही. शब्द साधा आहे, रोजचा आहे. 'पाडलं.' माझ्या दादाबद्दल तो वापरला गेला आणि आमच्या घरात तो वर्षभर कुणाच्या कानातून गेला नाही.

थोडं आधीपासून सांगते. माझं गाव सांबऱ्याच्या जवळ. बेळगावचा विमानतळ सांबऱ्यालाच, त्यामुळे विमानं आम्हाला नवी नाहीत. २०२३ च्या मे महिन्याच्या शेवटी सांबऱ्याहून उडालेलं एक प्रशिक्षणाचं छोटं विमान इंजिनात बिघाड झाल्यामुळे होन्निहाळजवळ शेतात उतरवावं लागलं. आत दोघं होते, दोघंही वाचले. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला तो असा : 'सांबऱ्याजवळ विमान कोसळलं.' मी तेव्हा पीयूसीची परीक्षा देऊन घरीच बसले होते. मेसेज वाचला आणि जसाच्या तसा चार ठिकाणी पुढे ढकलला. दोघं वाचल्याचं कळल्यावर आज्जी म्हणाली, "नशीब बलवत्तर." आम्ही सगळे 'हो की' म्हणून जेवायला बसलो. नशिबाखेरीज दुसरं काही त्या शेतावर घडलं असेल, कुणीतरी काहीतरी केलं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ते डोक्यात यायला दीड वर्ष जावं लागलं. तेव्हा विमानात माझाच दादा होता.

दादा दुसऱ्या राज्यातल्या एका फ्लाइंग क्लबमध्ये शिकत होता. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हवा असेल तर आपल्याकडे किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. दादाचे नव्वदच्या आसपास झाले होते. पप्पा उद्यमबागेतल्या फौंड्रीत आहेत, त्यामुळे हे तास कसे विकत घेतले असतील ते वेगळं सांगायला नको. बँकेचं कर्ज आहे आणि काकांच्या नावाची सहीसुद्धा आहे. ऑक्टोबरात एका सकाळी दादा एकटाच विमान घेऊन दुसऱ्या गावच्या धावपट्टीकडे निघाला होता. आदल्या रात्री पाऊस झालेला, हवा दमट. वाटेत इंजिन बंद पडलं. दादानं विमान सोयाबीन काढलेल्या एका रानात उतरवलं. जमीन ओली होती. पुढचं चाक रुतलं, विमान नाकावर आलं, पंख्याची पाती वाकली. दादा दार उघडून बाहेर आला. कपाळाला टेंगूळ आणि खांद्यावर पट्ट्याचा काळानिळा वळ, एवढंच.

फोटो गावात पोचला त्यात विमानाचं नाक मातीत होतं आणि शेपूट वर. तीन दिवसांनी मी दळण आणायला गेले तर गिरणीवाल्या मामांनी विचारलं, "काय गा, तुझ्या दादानं विमान पाडलं म्हणे?"

मामा वाईट नाहीत. चौकशीच करत होते. पण मला उत्तर देता आलं नाही. 'हो' म्हणायचं तर खोटं होतं आणि 'नाही' म्हणायचं तर फोटो समोर होता. पुढे सहा महिने तेच वाक्य वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं. एका लग्नात तर एक बाई आईला म्हणाल्या, "आता दुसरं काहीतरी शिकवा हो त्याला."

दादा घरी आल्यावर त्यानं जे सांगितलं आणि नंतर मी जे शोधून वाचलं, ते आधी मांडते. म्हणजे शब्दाचं भांडण नीट करता येईल.

आपल्याला वाटतं की इंजिन विमानाला वर धरून ठेवतं. वर धरतात पंख, आणि पंखांना त्यासाठी वेगानं अंगावरून जाणारी हवा लागते. इंजिनाचं काम तो वेग देण्याचं. इंजिन थांबलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. चोर्ला घाट उतरताना मोटरसायकलचं पेट्रोल संपलं तर गाडी उतारावर चालतच राहते ना, तसंच. उतार आहे तोवर वेग आहे. विमानाचा उतार म्हणजे त्याची उंची. ती थोडी थोडी खर्च करून वेग राखायचा आणि तेवढ्यात जमीन निवडायची.

दादा चालवत होता तसलं दोन जणांचं सेस्ना १५२ विमान इंजिनाशिवाय साधारण एक फूट खाली येताना नऊ फूट पुढे जातं. त्यासाठी वेग ६० नॉट, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या आसपास धरावा लागतो. घाबरून नाक वर ओढलं तर वेग जातो, पंखांची पकड सुटते आणि विमान खरंच कोसळतं. घाबरून नाक खाली दाबलं तर उंची वाया जाते. दादा जमिनीपासून २००० फुटांवर होता. हिशेब केला तर साडेपाच किलोमीटर अंतर आणि तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत वारा कुठून आहे ते धुरावरून, झाडांवरून ओळखायचं. रान असं हवं की ज्यात बांध आडवा येत नाही, विहीर नाही, विजेच्या तारा नाहीत. तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधायचे. इंजिन पुन्हा चालू होतंय का ते पाहायचं. रेडिओवर तीनदा 'मेडे' म्हणून आपण कुठे आहोत ते सांगायचं. शेवटी पेट्रोल बंद, वीज बंद, पट्टे घट्ट, आणि टेकण्याआधी दाराची कडी काढून ठेवायची, म्हणजे सांगाडा वाकला तर दार अडकणार नाही.

दादाला एक हमरस्ता दिसत होता. सरळ, काळाभोर, अगदी धावपट्टीसारखा. मोह झाला म्हणाला. पण रस्त्यावर ट्रक होते आणि कडेनं खांब. त्यानं रस्ता सोडला आणि रान धरलं. मी विचारलं, "विमान मोडेल असं वाटलं नाही का?" तो म्हणाला, "वाटलं. पण सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलेलं, इंजिन गेलं की विमान आपलं राहत नाही, ते विमा कंपनीचं होतं. आपण फक्त आपल्याला खाली आणायचं."

हे वाक्य विमान शिकवणाऱ्यांमध्ये जुनं आहे. हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण त्यात मोठी गोष्ट आहे. अमेरिकेच्या विमान प्रशासनाच्या शिकवणीच्या पुस्तकात सक्तीच्या उतरण्याबद्दल लिहिताना माणसाच्या मनाचे तीन धोके सांगितले आहेत. पहिला, संकट आलंय हेच न मानणं. दुसरा, विमान वाचवण्याची धडपड. तिसरा, आपल्याला लागेल या भीतीनं गांगरून जाणं. यंत्राच्या पुस्तकात मनाचं हे प्रकरण असतं हे वाचून मी थक्क झाले. त्याच पुस्तकात वेगाचाही हिशेब आहे. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते. म्हणजे धक्का तेवढाच ठेवायचा तर ताशी १६० च्या वेगाला ८० पेक्षा चौपट अंतर लागतं. विमान शाबूत ठेवण्याच्या नादात जास्त वेगानं दूरच्या चांगल्या जागेकडे ओढत नेणारा माणूस मरतो. जवळच्या साध्या रानात, कमी वेगानं, चाकं-पंख मोडू देऊन उतरणारा बहुतेक वेळा चालत बाहेर येतो. मोडणारं चाक आणि वाकणारी पाती धक्का आपल्या अंगावर घेत असतात. गावानं फोटोत जी मोडतोड पाहिली, तिनंच दादाला वाचवलं होतं.

हाच मोह उड्डाण करताच इंजिन गेलं तर सगळ्यात घातक ठरतो. धावपट्टी नुकतीच मागे सुटलेली असते. वाटतं, वळावं आणि परत जावं. पण वळताना विमान जेवढं कलतं तेवढा पंखांवरचा भार वाढतो. ६० अंश कललं तर भार दुप्पट होतो आणि ज्या वेगाखाली पंख सोडून देतात तो वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. हातात वेग कमी, उंची कमी आणि गरज मात्र जास्त. म्हणून शिकवतात की खाली असताना समोर बघ, थोडं डावं-उजवं बघ, मागे बघू नकोस. इंग्रजी बोलणारे वैमानिक त्या वळणाला 'अशक्य वळण' म्हणतात. मागे ओळखीची धावपट्टी आहे आणि पुढे अनोळखी रान, तरी पुढेच जायचं. ऐकायला सोपं आहे. आपल्यापैकी किती जणांना जमेल?

सिनेमातला हॅरिसन फोर्ड आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याला जुनी छोटी विमानं उडवायचा छंद. ५ मार्च २०१५ रोजी तो कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाहून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं आपलं खासगी विमान घेऊन उडाला आणि थोड्याच वेळात इंजिनाची ताकद गेली. त्यानं नियंत्रण कक्षाला सांगून परत यायचं म्हटलं. तिथवर पोचत नाही हे दिसल्यावर त्यानं जवळच्या गोल्फच्या मैदानात विमान उतरवलं. उतरताना झाडाला धडकलं. तो बराच जखमी झाला, पण वाचला आणि खाली कुणालाही लागलं नाही. तपासात निघालं की कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा एक आट्यांचा भाग आपोआप सैल होत गेला होता. त्या बातमीलाही बहुतेकांनी 'विमान कोसळलं' असंच म्हटलं. पडद्यावर हजारदा वाचलेला नायक खऱ्या आयुष्यात एकदा स्वतः वाचला, त्याचं श्रेय क्रियापदानं काढून घेतलं.

आता मोठ्या विमानाचं एकच उदाहरण देते, कारण त्यात वेळेचा हिशेब झालेला आहे. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये पक्षी धडकून दोन्ही इंजिनं गेलेलं एअरबस विमान कॅप्टन सलेनबर्गर आणि त्यांचे सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांनी हडसन नदीवर उतरवलं. १५५ जण होते, सगळे वाचले. नंतर यंत्रावर नक्कल करून पाहिली तेव्हा पक्षी धडकताक्षणी वळलं तर काही वेळा धावपट्टी गाठता येत होती. पण माणसाला काय झालंय ते समजायला आणि ठरवायला वेळ लागतो. तो ३५ सेकंदांचा धरल्यावर विमान धावपट्टीपर्यंत पोचलं नाही. घरी बसून 'असं करायला हवं होतं' म्हणणाऱ्यांनी ते ३५ सेकंद लक्षात ठेवावेत. आपल्या गिरणीसमोर तर आपण ३५ दिवस विचार करून बोलत असतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, बहीण आहे, भावाची बाजू घेणारच. म्हणून आता ती गोष्ट सांगते जी दादानं घरात सांगितली तेव्हा मला वाटलं होतं, ही बाहेर जायला नको.

इंजिन का बंद पडलं? त्यात दादाची चूक होती.

छोट्या जुन्या विमानांच्या इंजिनाला कार्ब्युरेटर असतो, आपल्या जुन्या मोटरसायकलींना असायचा तसा. तिथं पेट्रोलची वाफ होताना आजूबाजूची हवा एकदम गार पडते, वीस अंशांनी किंवा त्याहूनही जास्त. बाहेर हवा दमट असेल तर बाहेर वीस-पंचवीस अंश असूनही आत बर्फ धरतो. बर्फ हवेची वाट अडवतो आणि इंजिन गुदमरतं. यावर सोपा उपाय असतो. एक बटण ओढलं की इंजिनाच्या गरम नळीजवळची हवा आत येते आणि बर्फ वितळतो. मात्र वितळताना ते पाणी इंजिनात जातं आणि थोडा वेळ इंजिन आणखीच खडखडतं. त्या वेळी बटण तसंच धरून ठेवायचं असतं.

दादाला फेरे कमी झालेले दिसले. त्याला वाटलं थ्रॉटल सरकला असेल, म्हणून त्यानं तो पुढे ढकलला. पुन्हा कमी झाले, पुन्हा ढकलला. मग आठवलं आणि बटण ओढलं. इंजिन भयंकर खडखडलं. तो घाबरला आणि बटण परत आत ढकललं. त्यानंतर इंजिन थांबलं. नंतरची तीन मिनिटं त्यानं जे केलं ते उत्तम होतं. त्याआधीची पाच मिनिटं चुकीची होती.

आणि यातली खरी गोम अशी. बर्फ वितळून जातो. लोक रानात येईतोवर कार्ब्युरेटरमध्ये काहीच सापडत नाही. इंजिन उघडलं तरी सगळं ठाकठीक. दादा गप्प बसला असता तर 'इंजिनात बिघाड' एवढंच म्हणून प्रकरण मिटलं असतं. त्याच्यावर बोट उठलं नसतं. उलट तो शूर ठरला असता. पण त्यानं त्याच संध्याकाळी आपल्या सरांना सगळं लिहून दिलं. फेरे, थ्रॉटल, बटण, परत ढकललेलं बटण, सगळं.

मी चिडले होते. म्हटलं, "तुला कुणी विचारलं होतं का?" दादा म्हणाला, "आमच्या बॅचमध्ये नऊ जण आहेत. पुढच्या दमट सकाळी त्यातला कुणीतरी तेच बटण ओढणार आणि खडखडलं की परत ढकलणार. मी नाही सांगितलं तर त्याला कोण सांगणार?"

माझं भांडण 'पाडलं' या शब्दाशी आहे ते इथं. तो शब्द दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. इंजिन का थांबलं ही एक गोष्ट आणि थांबल्यावर माणसानं काय केलं ही दुसरी. पहिलीत चूक असू शकते आणि दुसरीत कौशल्य, दोन्ही एकाच माणसाचं, एकाच सकाळचं. 'पाडलं' म्हटलं की कौशल्य पुसलं जातं आणि चूक गुन्हा होते. मग पुढच्या वेळी माणूस काय करेल? बर्फ वितळेपर्यंत गप्प बसेल.

विमानाच्या जगानं हे फार महागात शिकून घेतलं आहे. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनच्या विमानतळाकडे येणारं एक प्रवासी विमान डोंगरावर आदळलं. ९२ जण गेले. नियंत्रण कक्षाच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी वेगळा घेतला आणि ते लवकर खाली उतरले. नंतर उघड झालं की सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून डोंगराच्या अगदी जवळून गेलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत ते सांगितलं, कंपनीनं आपल्या लोकांना सावध केलं. पण ती गोष्ट कंपनीच्या भिंतीबाहेर गेली नाही. त्यानंतर १९७६ पासून तिथं वैमानिकांनी आपल्या चुका मोकळेपणानं कळवाव्यात म्हणून वेगळी व्यवस्था झाली. ती शिक्षा करणाऱ्या खात्याकडे न ठेवता नासाकडे दिली, आणि सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेचा नियमही स्पष्ट म्हणतो की अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष कुणाच्या माथी मारायचा हे ठरवणं नाही. आपल्या देशातही २०१२ पासून अशा तपासासाठी वेगळं मंडळ आहे.

म्हणजे मुद्दाम कुणी बेफिकिरी केली तरी चालेल का? मुळीच नाही. दारू पिऊन बसला, तपासणी न करता कागदावर सही केली, त्याला शिक्षा व्हायलाच हवी. आणि प्रत्येक सक्तीचं उतरणं यशस्वी होतं असंही नाही. चांगली शिकलेली, शांत डोक्याची माणसंही गेलेली आहेत, कारण खाली रानच नव्हतं, किंवा उंचीच नव्हती. जिथं विमान कोसळलं तिथं 'कोसळलं' म्हणा. दुःखाला गोड शब्द लावा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच की जिथं माणसानं विमान हातात धरून जमिनीपर्यंत आणलं, तिथं कर्ता माणूस आहे. ते वाक्यात दिसू द्या.

मराठीत सोय आहे. 'पडलं' म्हणताना करणारा कुणीच नसतो, 'पाडलं' म्हणताना तो गुन्हेगार होतो. पण 'उतरवलं' हा शब्दही आपल्याजवळ आहे. विठोबाच्या पालखीपासून डोक्यावरच्या पाटीपर्यंत आपण तो वापरतो. जड वस्तू आहे, जपून खाली ठेवली, असा त्याचा भाव. बातमी देणाऱ्यांना 'आणीबाणीत शेतात उतरवलं' एवढं लिहायला दोन शब्द जास्त लागतील. लागू देत.

आणखी एक शब्द सांगते, मंडळातल्या शब्दवेड्यांसाठी. 'मेडे' या हाकेचा मे महिन्याशी काही संबंध नाही. १९२० च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर रेडिओचं काम पाहणारे फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी ती सुचवली. फ्रेंच माणूस 'मला मदत करा' म्हणतो त्याचा उच्चार जवळजवळ तसाच होतो. तेव्हा क्रॉयडनहून पॅरिसला बरीच विमानं जायची, म्हणून दोन्ही भाषांच्या माणसांना कळेल असा शब्द. बेळगावच्या माणसाला हे लगेच समजेल. दोन भाषांच्या मधे राहणाऱ्यांना मदतीचा शब्द दोन्हीकडे कळावा लागतो. मला आवडलं ते हे की आकाशात एकटा असलेला माणूस सगळ्यात आधी 'मला मदत करा' म्हणतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. उलट, ती हाक उशिरा देणं ही चूक मानतात.

आता माझं. दादाबद्दल गावात जे चाललं होतं ते ऐकत असतानाच माझा तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला. अर्थशास्त्राचा एक पेपर गेला. मी घरी सांगितलं नाही. 'पाडलं' म्हणणारी तीच तोंडं 'नापास झाली' म्हणताना मला दिसत होती. चार महिने मी लपवलं. अभ्यास नीट होईना, कारण लपवण्यातच सगळा जोर जात होता. शिकवणीला गेले नाही, कारण शिकवणी लावायची तर कारण सांगावं लागलं असतं. फेरे कमी होत होते आणि मी थ्रॉटल ढकलत होते.

शेवटी एका रात्री पप्पांना सांगितलं. पप्पा दुसरी पाळी करून आले होते, हातपाय धूत होते. मी म्हटलं, "पप्पा, माझा एक पेपर राहिलाय. ऑक्टोबरपासून." ते थोडा वेळ टॉवेल हातात धरून उभे राहिले. मला वाटलं आता आवाज चढणार. त्यांनी विचारलं, "नेमकं कुठं अडलं?"

हेच त्यांनी दादाला विचारलं होतं. तो घरी आला त्या दिवशी. गावातून, नात्यातून, इतक्या जणांनी इतकं विचारलं. किती नुकसान झालं, आता कर्जाचं काय, पुन्हा उडवायला देणार का. 'नेमकं काय झालं' हे विचारणारे पप्पा एकटेच होते. दादानं सगळं सांगितलं ते त्या प्रश्नाला. मी नंतर पप्पांना विचारलं की तुम्ही रागावला कसे नाही. ते म्हणाले, "फौंड्रीत कास्टिंग रिजेक्ट झालं की आम्ही ते कापून बघतो. भोक कुठनं आलं, वाळू ओली होती की धातू गार पडला होता. पोरावर ओरडलो तर पोरगं पुढच्या वेळी खराब माल ढिगाखाली सारतं. मग गिऱ्हाइकाकडं जाऊन फुटतो."

आंतरराष्ट्रीय संघटनेला जे नियमात लिहावं लागलं, ते उद्यमबागेतल्या माणसाला वाळू चाळता चाळता कळलेलं होतं.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी फार थोडे जण कधी छोट्या विमानात बसतील. पण बातमी तुम्हा सगळ्यांच्या फोनवर येईल. ती आली की पुढे पाठवण्याआधी दोन गोष्टी बघा. विमान जमिनीवर आलं की आणलं गेलं? आणि आणणारा बोलायला जिवंत असेल तर त्याला काय विचारायचं, 'पाडलं कसं' की 'नेमकं काय झालं'?

दादा जानेवारीत परत गेला. सरांनी त्याला आधी स्वतःसोबत बसवलं, वरती नेऊन अचानक थ्रॉटल मागे ओढला आणि म्हणाले, "इंजिन गेलं." दादाचा हात आधी त्या बटणाकडे गेला. आता त्याचे १४० तास झालेत. त्याच्या बॅचला दमट हवेत कार्ब्युरेटरचा बर्फ शिकवतात तेव्हा सर त्यालाच उभं करतात आणि तो आपली चूक फळ्यावर काढून दाखवतो.

माझा पेपर मे महिन्यात सुटला. ५२ मार्क. फार नाहीत, पण उतरले.

परवा गिरणीवर गेले होते. मामांनी परत विचारलं, "दादा काय करतोय तुझा? अजून उडवतोय?" मी म्हटलं, "उडवतोय मामा. आणि त्या वेळी त्यानं पाडलं नव्हतं. उतरवलं होतं." मामांनी पिठाचा हात झटकला, डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "असं व्हय? कसं काय उतरवलं, सांग की मग."

दळणाला पाठीमागे सहा जणी उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं. बटणाचंसुद्धा.